या महिन्याचा पाठ : व्हिसा मिळाला म्हणजे दार उघडलं असं नाही



“दुबईत घरकामाला बाया पाहिजेत. आधी फिरायच्या व्हिसावर जा, कामाचा तिथं करून देतो,” असं एजंट सांगतो. विड्या वळून घर भागत नाही, मग गटातून कर्ज काढून त्याला पैसे द्यावेसे वाटतात. त्याआधी हा पाठ बैठकीत वाचा.

1. व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारापर्यंत जायची परवानगी. आत घ्यायचं की नाही, हे तिथला अधिकारी ठरवतो. कशाला आलात, राहणार कुठं, परतीचं तिकीट आहे का, असं तो विचारतो. कागदावर ‘फिरायला’ आणि तोंडी ‘कामाला’ असं आलं, की परत पाठवू शकतो. एजंट तिथं नसतो. पैसे त्याच्याकडे, हप्ते मात्र आपल्याकडे.

2. आपल्या विमानतळावरही अडवतात. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर बहुतेक वेळा ‘ईसीआर’ छापलेलं असतं. त्यांना सौदी, कुवेत, ओमान, कतार, अमिरात (दुबई यातच येते) अशा 18 देशांत नोकरीला जायचं तर 1983 च्या कायद्याप्रमाणे सरकारी परवानगी लागते. यासाठी मुंबईत ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हे कार्यालय आहे. बाईचं वय 30 पूर्ण लागतं. नियम जाचक वाटेल, पण घरकाम बंद दाराआड चालतं. पगार अडला, पासपोर्ट काढून घेतला, तर हातात करार लागतो. फिरायच्या व्हिसावर गेलेल्या बाईकडे तो नसतो.

3. पैसे देण्याआधी एजंटचा परवाना क्रमांक ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासा. त्याला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं. पावती घ्याच. रीतसर जाणाऱ्यांना ‘प्रवासी भारतीय बीमा योजने’त 10 लाखांचा विमा मिळतो.

4. तरी अडवलंच, तर खोटं बोलू नका. न कळणाऱ्या कागदावर सही-अंगठा करू नका. दुभाषा मागा, भारतीय दूतावासाशी बोलू द्या म्हणा. परत यावं लागलं तर तोंड लपवायचं कारण नाही. पावती, तिकीट, एजंटचे मेसेज घेऊन पोलिसांत तक्रार द्या. गटातल्या बायांनी सोबत जावं.

बैठकीत बोलूया :
- आपल्या गावातून कोण परदेशी कामाला गेलंय? करार घरी आहे का?
- अशा कामासाठी गटाचं कर्ज मागितलं, तर आधी कोणते कागद बघायचे? ठराव लिहून ठेवा.