एकच विषाणू, रूपे अनेक

चिकुनगुनियाच्या साथीत एक प्रश्न घरोघरी पडतो. एखाद्या घरातील तरुण आठवडाभरात कामावर रुजू होतो. शेजारच्या आजींना मात्र दोन महिन्यांनंतरही हातात पेला धरवत नाही. मग दोघांचा आजार एकच कसा?

'चिकुनगुनिया' हे नाव आफ्रिकेतील माकोंडे भाषेतून आले असून ते वेदनेने वाकलेल्या रुग्णाचे वर्णन करते. १९५२-५३ मध्ये आजच्या टांझानियात हा आजार प्रथम ओळखला गेला. भारतात १९६३ मध्ये कोलकात्यात व १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची साथ आली. त्यानंतर सुमारे तीन दशके तो जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५ च्या अखेरीस परतला. २००६ मध्ये देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली.

विषाणू एकच असला, तरी तो ज्या शरीरात शिरतो ती शरीरे सारखी नसतात. बहुतेकांना अचानक तीव्र ताप येतो, सांधे दुखतात, काहींच्या अंगावर पुरळ उठते. ताप काही दिवसांत उतरतो. पण कित्येकांची सांधेदुखी महिनोन्महिने टिकते. काहींना तर लक्षणे जाणवतही नाहीत. वृद्धांना व मधुमेह, हृदयविकार असणाऱ्यांना धोका अधिक असतो. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर सुमारे एकतृतीयांश लोकांना लागण झाली. प्रसूतीच्या वेळी आईकडून लागण झालेल्या काही नवजात बालकांच्या मेंदूवर परिणाम झाल्याचे तेथे आढळले.

येथे आणखी एक अडचण आहे. डेंग्यूही याच एडिस डासामुळे पसरतो व सुरुवातीला तसाच दिसतो. परंतु त्यात ताप उतरताना प्रकृती बिघडू शकते. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली वेदनाशामक गोळी आपण घेऊ नये. डेंग्यू नसल्याची खात्री होण्यापूर्वी ॲस्पिरिनसारखी औषधे घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोटात तीव्र वेदना, वारंवार उलट्या, रक्तस्राव वा ग्लानी दिसताच रुग्णालय गाठावे.

एडिस डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या पाण्यात वाढतो. म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून, घासून कोरडी करावीत. रुग्णाने दिवसाही मच्छरदाणीत झोपावे. त्याला चावलेला डास इतरांना लागण करू शकतो.

साथ सर्वांची असते, आजार मात्र ज्याचा त्याचा असतो. दुसऱ्याच्या अनुभवावरून आपल्या दुखण्याचे माप घेऊ नये.

पाठगत प्रश्न
१. एकाच साथीत रुग्णांची लक्षणे वेगवेगळी का असतात?
२. शेजाऱ्याचे औषध घेणे धोक्याचे का ठरते?