दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये आई-वडील सांभाळताना: सरकारकडून काय मिळतं, खिशातून काय जातं

तुम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहता आणि आई-वडिलांना गावाहून आणलंय? आधी सीजीएचएस (केंद्र सरकारी आरोग्य योजना) कार्डात त्यांची नावं घाला. त्यांच्या उत्पन्नाची मर्यादा महिना ९,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता. यात पेन्शन, भाडं, व्याज सगळं धरलं जातं. वर्गणी तुमच्या वेतनस्तरानुसार दरमहा २५० ते १,००० रुपये. आई-वडिलांमुळे ती वाढत नाही. निवृत्त होताना १२० महिन्यांची वर्गणी, म्हणजे ३०,००० ते १,२०,००० रुपये, एकदम भरली की कार्ड आयुष्यभराचं. सीजीएचएस भवन सेक्टर १३ मध्येच आहे.

फटका बसतो तो रुग्णालयातल्या खोलीत. तुमच्या पात्रतेपेक्षा वरची खोली घेतली तर फरक तुमच्या माथी. दाखल करतानाच विचारून घ्या. स्वतः पैसे भरले असतील तर बिलं सुटी झाल्यापासून सहा महिन्यांत द्या.

पेन्शनरांनी वय तपासावं. ८० पूर्ण होताच मूळ पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, ८५ ला वाढ ३० टक्के, ९० ला ४०. कुटुंब पेन्शनलाही हेच लागू. पण आईची जन्मतारीख पीपीओवर (पेन्शन पेमेंट ऑर्डरवर) नसेल तर बँक वाढ लावत नाही. पीपीओ आजच काढून बघा. तारीख नसेल तर वयाचा पुरावा देऊन नोंदवून घ्या.

घरात सरकारी नोकरी नसेल तर ७० वर्षांवरच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. केंद्राचे ५ लाख, दिल्ली सरकारचे आणखी ५ लाख. आधार पुरतं, कार्ड फुकट. पैसे मागणाऱ्या एजंटाला वाटेला लावा. हे फक्त दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. रोजच्या गोळ्या त्यात नाहीत, म्हणून हातात सीजीएचएस असेल तर ते सोडून याकडे वळू नका.

दिल्लीच्या वृद्धापकाळ पेन्शनला पाच वर्षांचं दिल्लीतलं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत लागतं. मागच्या वर्षी आलेल्या आई-वडिलांना ती मिळणार नाही. केंद्र त्यात ७९ वयापर्यंत महिना फक्त २०० रुपये घालतं, ८० नंतर ५००.

खरा खर्च घरात होतो: अंघोळ घालणारी, कूस बदलणारी, रात्री उठवून बाथरूमला नेणारी बाई. तिच्या पगाराला यातली एकही योजना हात लावत नाही. आयकरावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आपण भरतो. त्यातून या कामाला पैसा मिळायलाच हवा. तोवर एजन्सीकडून लिहून घ्या: नोंदणी शुल्क किती, अनामत परत मिळते का, सुटीच्या दिवशी बदली कोण, जेवण कोणाकडे, रात्रीचा दर वेगळा का.

विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या औषधोपचारावर जुन्या करपद्धतीत वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. पैसे रोख देऊ नका, रोखीला वजावट नाही.

अडलात तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन लावा. सकाळी ८ ते रात्री ८, फुकट.