इंजिनाचें पोट किती वाढवावें?

लाकडी उखळ आंतून कोरून थोडें मोठें केलें, तर त्यांत धान्य अधिक मावतें; बाहेरून पाहणाऱ्यास मात्र तें पूर्वीएवढेंच दिसतें. मग ही वाढलेली जागा आली कोठून? अर्थात् उखळाच्या काठाच्या जाडींतून. ही घरगुती गोष्ट मनांत ठेवून आज आपण शर्यतीच्या धर्तीच्या एका मोटारीचें इंजिन पाहूं.

मोटारीच्या इंजिनांत पोकळ नळकांडीं असतात. कारागीर त्यांस सिलिंडर म्हणतात. प्रत्येकांत एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखालीं धांवत असतो. तो खालीं जातांना हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढलें जातें. वर येतांना तें दाबलें जातें. आणि ठिणगी पडतांच पेट घेऊन तें दट्ट्यास जोरानें खालीं लोटतें. एकेका धांवेंत सर्व दट्टे मिळून जितकी जागा आक्रमितात, तितकें त्या इंजिनाचें घनफळ. अधिक घनफळांत अधिक मिश्रण मावतें, आणि म्हणून जोरही अधिक मिळतो.

हें घनफळ दोन प्रकारांनीं वाढतें. दट्ट्याची धांव लांबवितां येते. पण त्यासाठीं क्रँकशाफ्टच बदलावा लागतो. अथवा नळकांडें आंतून कोरून रुंद करतां येतें. इंग्लंडांतील ॲबिंग्डन येथें पूर्वी तयार होत असलेल्या एम्. जी. गाड्यांचा इतिहास ह्या दुसऱ्या मार्गाचें उत्तम उदाहरण आहे. १९५५ सालच्या एम्. जी. ए. गाडीचें इंजिन १४८९ घन सेंटिमीटरांचें होतें. तें १९५९ सालीं १५८८, १९६१ सालीं १६२२, आणि १९६२ सालच्या एम्. जी. बी. गाडींत १७९८ झालें. ह्या सर्व काळांत दट्ट्याची धांव मात्र ८८.९ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन इंच, इतकीच राहिली. वाढला तो केवळ नळकांड्यांचा व्यास. ही वाढ फुकट मिळाली नाहीं. जागा पुरेना, तेव्हां शेजारच्या कांहीं नळकांड्यांच्या भिंती एकमेकींस जोडून ओताव्या लागल्या, व त्यांमधील पाण्याची वाट बुजली.

एम्. जी. बी. चें उत्पादन १९८० सालीं थांबलें. तथापि हौशी लोक ह्या गाड्या अजून प्रेमानें राखतात, आणि जुनें इंजिन उघडून दुरुस्त करतांना तें १९५० घन सेंटिमीटरांपर्यंत वाढवितात. हें कसें साधतें, तें वर्गांत शिकलेल्या सूत्रानेंच पाहूं. मूळ व्यास ८०.२६ मिलिमीटर, म्हणून त्रिज्या ४.०१३ सेंटिमीटर. त्रिज्येचा वर्ग १६.१०; त्यास ३.१४१६ नें गुणिलें असतां क्षेत्रफळ ५०.५९. त्यास ८.८९ ह्या धांवेनें व नंतर ४ नळकांड्यांनीं गुणिलें कीं उत्तर सुमारें १७९९ येतें. आतां व्यास ८३.५६ घेऊन हेंच गणित करा. उत्तर १९५० येईल. व्यास शेंकडा ४ नें वाढला, पण घनफळ शेंकडा ८ हून अधिक वाढलें. त्रिज्येचा वर्ग होतो, हें त्याचें कारण.

येथेंच मोहाचा उगम आहे. ३.३ मिलिमीटर ही वाढ ती काय, असें वाटतें. परंतु प्रत्येक भिंतींतून १.६५ मिलिमीटर लोखंड कायमचें जातें. त्या भिंतीपलीकडे इंजिन थंड ठेवणारें पाणी फिरत असतें. शिवाय ओतकामांत सांचा किंचित् सरकला, तर भिंत एका बाजूस जाड व दुसरीस पातळ उतरते. म्हणून एका इंजिनानें जें सोसलें, तें दुसरें सोसेलच असें नाहीं. फार पातळ झालेली भिंत तापून वांकते, तडकते, व पाणी आंत शिरतें. मग नवें अस्तर ठोकून बसविणें, किंवा सगळेंच ओतीव टाकून देणें, एवढेंच हातीं उरतें.

यासाठीं शहाणा कारागीर कोरण्यापूर्वीं मोजतो. ध्वनिलहरींच्या यंत्रानें तो प्रत्येक भिंतीची जाडी अनेक ठिकाणीं पाहतो. नवे दट्टे आधीं आणवून, त्यांच्या मापाप्रमाणें तो नळकांडें कोरतो. डोक्याखालील गॅस्केटचें भोंकही नव्या व्यासाहून मोठें आहे ना, हें तो तपासतो. दाबाचा हिशेबही तो विसरत नाहीं: मूळ प्रमाण ८.८ असेल आणि दहनाची जागा तेवढीच राहिली, तर नव्या घनफळानें तें सुमारें ९.४५ होतें. हें प्रमाण फार वाढलें, तर मिश्रण अवेळीं पेटून दट्ट्यास इजा होते. नुसती झीज काढावयाची असेल, तर तो ०.०२० किंवा ०.०३० इंच मोठ्या दट्ट्यांवर समाधान मानतो. कारण पुढच्या दुरुस्तीसाठींही कांहीं लोखंड शिल्लक राहिलें पाहिजे.

आमच्या वाचक पालकांपैकीं ज्यांचा यंत्रांशीं संबंध येतो, त्यांना हें अनुभवानें ठाऊक असेलच. विद्यार्थ्यांनीं इतकें लक्षांत ठेवावें: कोरलेलें लोखंड परत येत नाहीं, म्हणून हत्यार उचलण्यापूर्वीं माप घ्यावें, आणि किती वाढवितां येईल याबरोबरच किती राखलें पाहिजे, हाही प्रश्न स्वतःस विचारावा.

अभ्यास: व्यास ७६.२ मिलिमीटर व धांव ८८.९ मिलिमीटर घेऊन चार नळकांड्यांचें घनफळ काढा. वर सांगितलेल्यांपैकीं हें कोणत्या सालचें इंजिन, तें ओळखा.