शर्यतीची पूर्वतयारी

प्रस्तावना

नोकरी, शिक्षण वा घरसंसार सांभाळून केवळ आवडीपोटी धावणाऱ्यास हौशी धावपटू म्हणतात. धावणे हे त्याच्या उपजीविकेचे साधन नसते. तरीही शर्यतीतील आपली कामगिरी उंचावावी, असे त्यालाही वाटते. त्यासाठी शरीराची आणि मनाची तयारी कशी करावी, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• सराव आणि विश्रांती यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल;
• शर्यतीतील संयमाचे महत्त्व सांगता येईल;
• थकवा आणि धोक्याची सूचना यांतील फरक ओळखता येईल.

मूळ पाठ

जयनगरची पहाट

बंगळूरच्या दक्षिण भागातील जयनगर या वसाहतीची पायाभरणी १९४८ साली झाली. आखीव रस्ते, दुतर्फा वृक्षराजी आणि उत्तरेला जवळच लालबागेचा विस्तीर्ण परिसर यांमुळे हा भाग चालणाऱ्या-धावणाऱ्यांना अनुकूल ठरला. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने पहाटेची हवाही सौम्य असते. प्रमोद देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली येथे ‘जयनगर जॅग्वार्स’ हा हौशी धावपटूंचा गट उभा राहिला. २००८ साली बंगळुरात दहा किलोमीटरची मोठी शर्यत सुरू झाली आणि सामान्य नागरिकालाही नामवंत धावपटूंच्या बरोबरीने त्याच रस्त्यावर उतरण्याची संधी मिळाली. परंतु संधी मिळणे आणि तिचे सार्थक होणे, यांच्यामध्ये कित्येक महिन्यांची तयारी असते.

शरीराची तयारी

सराव म्हणजे रोज दमछाक करून घेणे नव्हे. आठवड्यातील बहुतांश धाव सावकाश असावी. सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल, तो वेग सावकाश समजावा. अशा धावण्याने हृदयाची क्षमता वाढते आणि स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. वेगाचा सराव आठवड्यातून एकदा-दोनदा पुरतो. दम काही आठवड्यांतच वाढतो. हाडे आणि कंडरा बळकट होण्यास मात्र अधिक काळ लागतो. दम वाढला म्हणून अंतरही एकदम वाढवणारा धावपटू या तफावतीमुळेच जायबंदी होतो.

विश्रांती हा सरावाचाच एक भाग आहे. इंग्लंडचा रॉजर बॅनिस्टर हा वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी होता. रुग्णालयातील अभ्यास सांभाळून तो दुपारच्या सुट्टीत सराव करी. एक मैल, म्हणजे सुमारे १६०९ मीटर, चार मिनिटांच्या आत धावण्याचे त्याने ठरवले होते. त्यासाठी मैलाचा चौथा भाग साठ सेकंदांहून कमी वेळात धावणे आवश्यक होते. परंतु सरावात तो एकसष्ट सेकंदांवर अडून राहिला. तेव्हा त्याने अधिक कष्ट करण्याऐवजी धावणे थांबवले आणि मित्रासह काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत घालवले. परतल्यावर हेच अंतर त्याने एकोणसाठ सेकंदांत पार केले. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे त्याने ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल पूर्ण केला. सरावाने शरीर झिजते आणि विश्रांतीत ते पूर्वीपेक्षा सक्षम होते, हे तत्त्व या उदाहरणातून लक्षात येते. म्हणूनच शर्यतीपूर्वीचा आठवडाभर धावण्याचे अंतर कमी करावे, झोप पुरेशी घ्यावी आणि आहार नेहमीचाच ठेवावा. शर्यतीच्या दिवशी नवे बूट वा नवा खाद्यपदार्थ यांचा प्रयोग करू नये. पाणी तहानेनुसार प्यावे. गरजेपेक्षा अधिक पाणीही अपायकारक ठरते.

मनाची तयारी

हजारो स्पर्धकांच्या शर्यतीत हौशी धावपटूचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे त्याची स्वतःचीच मागील वेळ होय. ही जाणीव शर्यत सुरू होताच कसोटीला लागते. वाद्यांचा गजर, लोकांचा जल्लोष आणि पुढे झेपावणारी गर्दी यांमुळे पाय आपोआप वेग घेतात. मात्र आरंभीच वेग वाढला, की स्नायूंची प्राणवायूची मागणी पुरवठ्याहून अधिक होते आणि त्या उधळपट्टीची भरपाई अखेरच्या टप्प्यात करावी लागते. इतर पुढे जात असताना आपल्या ठरलेल्या वेगाला चिकटून राहणे, हीच मनाची खरी परीक्षा होय.

त्यासाठी अंतराची मनोमन विभागणी करावी. दहा किलोमीटरपैकी पहिले चार संयमाचे, पुढील चार स्थैर्याचे आणि शेवटचे दोन जिद्दीचे मानावेत. ऊन वाढले, पोटात कळ आली, चढावर दम लागला, तर काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. उत्तर तयार असले, की संकट आले तरी मन गोंधळत नाही. शर्यतीपूर्वीची धडधड स्वाभाविक आहे. ती भीती न मानता शरीर सज्ज झाल्याची खूण मानावी.

थांबण्याचे धैर्य

जिद्द आणि हट्ट यांतील सीमारेषा ओळखणे, हा तयारीचा सर्वांत कठीण भाग आहे. पाय जड होणे, दम लागणे हा थकवा होय. तो सोसता येतो. छातीत दुखणे, घेरी येणे, सांध्यात तीव्र कळ उठणे या मात्र धोक्याच्या सूचना होत. अशा वेळी तत्काळ थांबून वैद्यकीय साहाय्य घ्यावे. अंगात ताप असताना तर शर्यतीत उतरूच नये. चाळिशीनंतर नव्याने धावू लागणाऱ्याने प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. महिनोन्‌महिने मेहनत केल्यावर माघार घेणे मनाला लागते. परंतु हौशी धावपटूला दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते, घरी कोणीतरी त्याची वाट पाहत असते. शर्यत पुन्हा येते. तिच्यासाठी स्वतःला सुखरूप राखणे, हाही पूर्वतयारीचाच भाग आहे.

शब्दार्थ

कंडरा – स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा
तफावत – फरक
जायबंदी – जखमी, दुखापतग्रस्त
सार्थक होणे – सफल होणे

स्वाध्याय

१. सावकाश धावण्याचा वेग कसा ओळखावा?
२. बॅनिस्टरच्या उदाहरणातून कोणते तत्त्व स्पष्ट होते?
३. ‘जिद्द आणि हट्ट यांतील सीमारेषा ओळखणे कठीण असते’ या विधानावर तुमचे मत आठ ते दहा ओळींत लिहा.