आजारी बालकांची धम्मसोबत : पदव्युत्तर अभ्यासाची पूर्वतयारी



१६ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरनंतर आपल्या चांद्याला धम्मदीक्षा दिली. त्यानंतर चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावोगावी विहारे झाली, वसतिगृहे निघाली, आपली मुले शिकली. परंतु रुग्णालयाच्या खाटेपाशी आपण समाज म्हणून अद्याप पोहोचलो नाही, हे कबूल केले पाहिजे. जयंतीला आपण वॉर्डात फळे व बिस्किटांचे पुडे वाटतो, फोटो काढतो आणि परततो. माणूस गेला की मग भन्तेजींना निरोप धाडतो. या दोहोंमधला काळ कोणाच्याच वाट्याचा नसतो. त्यातून रुग्ण लहान मूल असेल तर त्याच्याशी बोलायचे काय, हेच मोठ्यांना सुचत नाही. आपल्या काही शिक्षक, परिचारिका व समाजकार्याच्या पदवीधर तरुण-तरुणींनी नोकरी सांभाळून या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेण्याची इच्छा आमच्याजवळ बोलून दाखविली. त्यांच्यासाठी हा पाठ लिहीत आहोत.

पाश्चात्त्य देशांत या कामाला चॅप्लेन्सी म्हणतात. आपल्या सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री व बौद्ध भिक्खू धर्मशिक्षक म्हणून नेमतात. रुग्णालयातला चॅप्लेन त्याच्याच जवळचा, पण त्याचे काम विधी करण्यापुरते नसते. तो रुग्णाची भीती, राग, एकाकीपण ऐकून घेतो. या शिक्षणाची आजची पद्धत अमेरिकेत वूस्टर येथील मनोरुग्णालयात १९२५ मध्ये अँटन बॉयसेन या पाद्र्याने सुरू केली. तो स्वतः पूर्वी मनोरुग्ण म्हणून रुग्णालयात राहिलेला होता. पुस्तकाआधी रुग्ण वाचावा, असा त्याचा आग्रह होता. त्यातून जे प्रशिक्षण उभे राहिले त्याचे एक सत्र किमान ४०० तासांचे असते. सलग केले तर दहा-बारा आठवडे लागतात, नोकरी करून केले तर त्याहून बरेच अधिक. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात असे शिक्षण दिले जाते.

हे काम फक्त ख्रिस्ती लोकांचे, असे मात्र समजू नये. जपानमध्ये नागाओका येथील रुग्णालयात १९९२ साली मरणासन्न रुग्णांसाठी बौद्ध विभाग सुरू झाला आणि त्याला चक्क 'विहार' हे नाव दिले गेले. २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर तोहोकू विद्यापीठाने २०१२ पासून सर्व धर्मांच्या लोकांसाठी असे प्रशिक्षण सुरू केले. आपल्या शासकीय रुग्णालयांत चॅप्लेन नाही. जवळचे पद म्हणाल तर समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) हे आहे. हे लोक कामाने पिचलेले असतात. कार्ड, दाखले, योजनांचे अर्ज यांतच त्यांचा दिवस जातो.

आता आपल्या धम्मात याविषयी काय आहे ते पाहू. महावग्गातील चीवरक्खन्धकात अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूची कथा आहे, ती आपण प्रवचनात पुष्कळदा ऐकली असेल. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. आमचे लक्ष वेधते ते त्याआधीचे. तथागतांनी प्रथम विचारले की तुला काय होते आहे, आणि मग विचारले की तुझी शुश्रूषा करणारा कोणी आहे काय. उपदेश आधी नाही. पुढे त्याच ठिकाणी चांगल्या गिलानुपट्ठाकाचे, म्हणजे शुश्रूषा करणाऱ्याचे, पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य-कुपथ्य कळावे. त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, वांती यांची किळस करू नये. आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाला धीर देता यावा. धम्मकथा पाचव्या क्रमांकावर आहे, तीही वेळोवेळी, सदासर्वकाळ नव्हे. आपण मात्र पहिले चार सोडून थेट पाचव्यावर उडी घेतो.

ही चूक आमच्या हातूनही झाली आहे. एका रुग्णालयाच्या बालविभागात चार वर्षांची मुलगी प्राणवायूवर होती. आई उशाशी बसलेली. तिला धीर यावा म्हणून आम्ही किसा गोतमीची, मोहरीच्या दाण्यांची कथा सांगू लागलो. कथा अर्धी झाली असेल नसेल, आई म्हणाली, ''माझी पोरगी जिती आहे अजून, भाऊ.'' मग तिने आमच्याकडे पाठ केली. मुलगी आठ दिवसांनी बरी होऊन घरी गेली. आई मात्र त्या आठ दिवसांत आमच्याशी एक शब्द बोलली नाही. कथा चांगली होती, पण आम्ही ती आमची अस्वस्थता घालविण्यासाठी सांगितली. या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याकडून सर्वांत जास्त घोटून घेतात ते हेच, की आपण बोलतो ते कोणाच्या गरजेसाठी?

आपल्या जिल्ह्यांत हा प्रश्न नेमका कोणत्या मुलांचा आहे? सर्वांत आधी सिकलसेलच्या मुलांचा. हा आजार विदर्भात आपल्या बौद्ध समाजात, तसेच गोंड, माडिया, परधान या बांधवांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे, अतिश्रम यांनी रक्तातल्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन अडकतात आणि हाडे-सांधे असह्य दुखू लागतात. असे मूल एकदा येऊन बरे होऊन जात नाही, वर्षातून कितीदा तरी तेच वॉर्ड, तीच सलाईन. शाळा बुडते. वेदना बाहेरून दिसत नाही म्हणून 'नाटक करते' असेही ऐकावे लागते. घरात आईला दोष दिला जातो. मुलगी मोठी झाली की सोयरीक मोडते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. तपासण्या होत आहेत, हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे आहेत. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीलाही २०२४ मध्ये सुरू झाले. शरीराची सोय पूर्वीपेक्षा बरी झाली आहे, यात शंका नाही.

परंतु अकरा वर्षांचा मुलगा जेव्हा विचारतो की हे मलाच का झाले, तेव्हा त्याला उत्तर कोण देतो? बहुधा शेजारच्या खाटेवरची म्हातारी देते, 'मागच्या जन्मीचं असेल बाबू'. इथे आपल्या धम्माचे वाचन पक्के हवे. संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात वेदनेची आठ कारणे येतात. पित्त, कफ, वात, ऋतू अशी ती आहेत आणि कर्मविपाक हे त्यांपैकी केवळ एक आहे. सगळे भोग पूर्वकर्माचेच, हे मत तथागतांनी तिथे नाकारले आहे. बाबासाहेबांनीही १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर कठोर टीका केली आहे. तेव्हा त्या मुलाला 'तुझी काही चूक नाही, आई-बाबांचीही नाही, रक्तातला एक गुण दोघांकडून आला' एवढे त्याच्या भाषेत सांगता येणे ही आमच्या मते धम्मकथाच होय.

त्याच्या भाषेत हे शब्द अक्षरशः घ्यावेत. एकाच वॉर्डात भामरागडची माडिया बोलणारी आई, सिरोंच्याची तेलुगू बोलणारी आजी, मुलचेऱ्याचे बंगाली कुटुंब आणि आपली झाडीबोली बोलणारी माणसे असतात. प्रवेशाआधीच्या वर्षात माडिया किंवा गोंडीतली 'दुखते का', 'कुठे', 'भूक आहे का', 'मी बसू का' एवढी वाक्ये जरी तोंडात बसली तरी पुष्कळ झाले. इंग्रजीची भीती वाटते म्हणून काही जण मागे हटतात. अभ्यासक्रमाचे वाचन इंग्रजीत असते हे खरे, पण रोज दोन पाने शब्दकोश घेऊन वाचली तर वर्षभरात सवय होते. खाटेपाशी इंग्रजीचा उपयोग नाही.

मुलांना मृत्यू कळतो काय, हा विषय आधीच वाचून ठेवावा. मारिया नॉज या संशोधिकेने १९४८ साली हंगेरीतील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच वर्षांखालच्या मुलाला मृत्यू म्हणजे गावाला जाऊन परत येण्यासारखे वाटते, नऊ-दहाच्या पुढे तो अटळ आहे हे उमगते, असा त्याचा सारांश. पुढे १९७८ मध्ये मायरा ब्लूबाँड-लँग्नर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांमध्ये राहून दाखविले की लहान मुलांनाही आपण मरणार हे कळलेले असते, फक्त आई-बापांना त्रास नको म्हणून ती न कळल्याचे सोंग करतात. आमच्या मते हे दुसरे वाचन अधिक महत्त्वाचे आहे. मुलाशी वस्तूंच्या साहाय्याने बोलावे, हेही शिकण्याजोगे. तथागतांनी लहानग्या राहुलाला खोटेपणाविषयी समजाविताना पाण्याचे भांडे घेतले, थोडे पाणी उरविले, ओतले, भांडे पालथे केले. आपल्याजवळ खडू, माती, सलाईनची रिकामी बाटली असते.

आता मुख्य सराव. या शिक्षणात संवाद-नोंद लिहावी लागते. भेट झाल्यावर, त्याच दिवशी, मुलाचे नाव न लिहिता, झालेले बोलणे आठवेल तसे उतरवायचे आणि मार्गदर्शकापुढे वाचायचे. आमच्या वहीतला एक तुकडा देतो.

मुलगा : उद्या बी सुई टोचतील का जी?
आम्ही : घाबरायचं नाही. तू शूर आहेस ना?
(मुलगा भिंतीकडे वळला.)

वाचताना लक्षात आले की त्याने माहिती विचारली होती, आम्ही प्रशस्तिपत्र दिले. शूर म्हटल्यावर त्याला रडायचीही सोय उरली नाही. 'मला माहीत नाही, सिस्टरला विचारून येतो' एवढेच म्हणायला हवे होते, आणि खरोखर विचारून यायला हवे होते. अशा वीस-पंचवीस नोंदी प्रवेशापूर्वी लिहिलेल्या असाव्यात. त्यासाठी वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी घ्यावी, पालकांना विचारावे, मुलासोबत आडोशाला एकटे बसू नये, हात धुवावेत. परित्राणाचा धागा सलाईनच्या हाताला बांधू नये, परिचारिकेला विचारून दुसऱ्या हाताला बांधावा, आणि तोही बौद्ध कुटुंबाने मागितला तरच. माडिया मुलाच्या घरचा पुजारी आला तर आपण उठून त्याला जागा द्यावी.

शिक्षणाचा मार्ग एकच नाही. गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न समाजकार्य महाविद्यालये दोन्ही जिल्ह्यांत आहेत, तेथे क्षेत्रकार्यासाठी रुग्णालय मागून घेता येते. नागपूर विद्यापीठाच्या पाली-प्राकृत विभागातून मूळ ग्रंथांचा पाया होतो. वेदनाशामक सेवेचा थोड्या आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर चालविते. दूरशिक्षणाच्या जाहिरातींबाबत सावध राहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मानसशास्त्रासह आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालविण्यास मनाई केली, म्हणून फी भरण्यापूर्वी मान्यता तपासावी.

घरच्यांशी मात्र आधी बोलावे. आठवड्याचे दोन दिवस वॉर्डात, रात्री वाचन, कधी एखादे मूल गेले म्हणून जेवण न जाणे, हे सगळे घर सहन करते. विहारातल्या एका जाणत्या माणसाला दर पंधरवड्याला आपले ऐकून घ्यायला सांगावे. सुरुवात एकाच वॉर्डापासून, एकाच ठरलेल्या वारी करावी. निघताना मुलाला पुढचा वार सांगावा. त्या वारी जमणार नसेल तर आधी निरोप द्यावा, कारण ते मूल सकाळपासून दाराकडे पाहत असते.