ऑन ड्युटी अपघात : पहिला तास माणसाचा, पहिला दिवस कागदाचा

थर्ड इयरची परीक्षा संपली की आपल्या नोटीस बोर्डावर दोन कागद हमखास लागतात. एक इन-प्लान्ट ट्रेनिंगच्या कंपन्यांची यादी आणि दुसरा कॅम्पस इंटरव्ह्यूचं वेळापत्रक. मग सगळं हॉस्टेल ॲप्टिट्यूड, ग्रुप डिस्कशन आणि टायची गाठ यांच्या मागे लागतं. पण नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात साहेब म्हणतात, "उद्या जरा चाकणला व्हेंडरकडे जाऊन ये." सर्व्हिस इंजिनिअर बाईकवर निघतो, सेल्सवाला टॅक्सीने निघतो आणि सिव्हिलवाल्यांचं तर अर्धं आयुष्य साईटच्या जीपमध्येच जातं. या रस्त्याची तयारी मात्र आपल्याकडून कोणीच करून घेत नाही.

आपल्या सरांना आणि मॅडमना पण हे तितकंच लागू आहे. एक्स्टर्नल म्हणून दुसऱ्या कॉलेजला जाणं, इंडस्ट्रियल व्हिजिटची बस घेऊन जाणं हे सगळं कामच आहे. म्हणून कामाच्या प्रवासात अपघात झाला तर काय करायचं, ते इथे क्रमाने मांडते आहे. सगळ्या लेखाचं सूत्र एका ओळीत सांगायचं तर : पहिला तास माणसाचा, पहिला दिवस कागदाचा.

१) पहिली दहा मिनिटं : दुसरा अपघात टाळा

अपघात झाला की सगळे जण गाडीचं काय झालं ते बघायला रस्त्यातच उभे राहतात. हायवेवर हेच सगळ्यात धोक्याचं, कारण मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमची गोष्ट माहीत नसते.

जरा फिजिक्स आठवा. ताशी ८० कि.मी. म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. ड्रायव्हरला दिसणं, कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात दीड सेकंद धरला तर गाडी ३३ मीटर पुढे आलेली असते. नंतर ब्रेकने ६ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं मंदन मिळालं, तरी थांबायला आणखी ४१ मीटर लागतात. एकूण ७४ मीटर. ताशी १०० ला हाच आकडा १०० मीटरच्या वर जातो, आणि भरलेल्या ट्रकला किंवा ओल्या रस्त्यावर आणखी जास्त अंतर लागतं. आता सांगा, गाडीच्या मागे दहा पावलांवर लाल त्रिकोण ठेवून काय उपयोग?

म्हणून इंजिन बंद करा, चारही इंडिकेटर चालू करा, हँडब्रेक लावा. त्रिकोण जितका मागे नेता येईल तितका न्या, पण तो नेताना लेनमधून न चालता कठड्याच्या बाहेरून चाला. चालता येणाऱ्या सगळ्यांना कठड्यापलीकडे उभं करा. सीएनजीचा वास येत असेल तर काडी, सिगरेट, स्विच काही नको, लांब जा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर तुटलेल्या केशरी वायरला अजिबात हात लावू नका, त्यात हाय व्होल्टेज असतं.

२) पहिला तास : माणूस

फोन कोणाला करायचा? महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जागा सांगताना "पुण्याच्या अलीकडे" असं नको. रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि कुठल्या दिशेची लेन ते सांगा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि सारखं उचलून बघू नका. बेशुद्ध माणसाला पाणी पाजायची आपल्याकडे फार घाई असते, ती नको. पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्याला आगीचा किंवा गाड्यांचा धोका नसेल तर ओढून बाहेर काढू नका.

मोटार वाहन कायद्यात गंभीर इजेनंतरच्या पहिल्या तासाला 'गोल्डन अवर' म्हटलं आहे. केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी रस्ते अपघातातील जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली. तीत ठरलेल्या रुग्णालयांत प्रत्येक जखमीला सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळण्याची तरतूद आहे. त्यामुळे "आधी डिपॉझिट भरा" असं कोणी म्हटलं तर या योजनेचं नाव घ्या.

आणि अपघात तुमचा नसून समोरच्याचा असेल तरीही थांबा. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला भरता येत नाही आणि त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. "पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार" हे कारण आता चालणार नाही.

३) तोंड सांभाळा

जीव सुरक्षित झाला की गर्दीत तीन प्रकारचे लोक भेटतात.

पहिला विचारतो, "चूक कोणाची?" रस्त्यावर याचा निकाल लावू नका. "माझीच चूक" असंही नको आणि समोरच्याची कॉलर धरणंही नको. जे दिसलं ते पोलिसांना सांगा.

दुसरा म्हणतो, "पाच हजार द्या, इथेच मिटवून टाकू." कोणाला इजा झाली असेल तर हे मिटत नसतं. आत मार लागलेला माणूस दोन तास ठीक दिसतो आणि रात्री ॲडमिट होतो. मग तुमच्याकडे ना कागद, ना साक्षीदार.

तिसरा सगळ्यात वाईट, कारण तो बहुतेक वेळा आपल्याच बाजूचा असतो. तो म्हणतो, "त्याच्याकडे लायसन्स नव्हतं, गाडी तू चालवत होतास असं सांग," किंवा "सुट्टीवर होतो म्हण, कंपनीचं नाव नको." नवीन नोकरीत, प्रोबेशनवर असताना सिनियरला नाही म्हणणं किती अवघड आहे ते कळतं. पण खोटा जबाब हा गुन्हा आहेच, शिवाय त्या एका वाक्याने जखमी सहकाऱ्याच्या घरच्यांचा हक्क बुडू शकतो. ड्रायव्हर कोण होता आणि प्रवास कशासाठी होता, या दोनच गोष्टींवर पुढचं सगळं उभं असतं. इथे नम्रपणे पण ठाम नाही म्हणा.

४) पहिला दिवस : पोलीस आणि हॉस्पिटल

कलम १३४ प्रमाणे जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं हे वाहनचालकाचं काम आहे. घटनेची माहितीही त्याने लवकरात लवकर, आणि जास्तीत जास्त २४ तासांत, पोलीस ठाण्यात द्यायची असते. विमा कंपनीला कळवणंही त्याच कलमात आहे.

गाड्या हलवण्यापूर्वी फोटो घ्या. दोन्ही नंबर प्लेट, टायरच्या खुणा, फुटलेल्या काचा, रस्त्याचा खड्डा किंवा वळण आणि लांबून एक पूर्ण फोटो हवा. पळून जाणाऱ्या गाडीचा फक्त नंबर मिळाला तरी खूप. गाडी सापडलीच नाही तर हिट अँड रन योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर इजेसाठी ५० हजार रुपये भरपाई आहे.

पंचनामा म्हणजे नुसती शिवी नव्हे! आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हा शब्द 'आईने केला' एवढ्याच अर्थाने माहीत असतो. पंचांसमोर जागेची केलेली ही लेखी नोंद असते. तुमचा जबाब सही करण्यापूर्वी वाचा, मराठी हस्ताक्षर लागत नसेल तर वाचून घ्या. त्यात "कंपनीच्या कामासाठी अमुक ठिकाणी जात असताना" हे शब्द आहेत का ते बघा. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत मोफत मिळते.

हॉस्पिटलमध्येही तेच. रस्ता अपघात असेल तर डॉक्टर एमएलसी नोंद करतात. "घरी पडलो" असं सांगून ती टाळायचा मोह होतो, कारण पोलीस नकोत. पण पुढे केस पेपरवर 'घरी पडला' वाचल्यावर कोणता विमावाला पैसे देईल? केस पेपर, एक्स-रे, औषधांची बिलं आणि डिस्चार्ज कार्ड एका फाईलमध्ये ठेवा. सबमिशनची फाईल आपण जशी जपतो, तशी.

गाडीच्या बाबतीत एकच : विम्याच्या सर्व्हेअरने बघेपर्यंत गॅरेजवाल्याला हात लावू देऊ नका.

५) ऑफिसला फोन, आणि नंतर ई-मेल

साहेबांना फोन कराच, पण फोन हा पुरावा नसतो. त्याच दिवशी चार ओळींचा ई-मेल करा : तारीख, वेळ, ठिकाण, कोणाच्या सांगण्यावरून कुठे जात होतो, कोणाला काय लागलं, कोणत्या पोलीस ठाण्यात कळवलं. कंपनीच्या अपघात नोंदवहीत नोंद करायला सांगा. ईएसआय लागू असेल तर तिथेही कळवायला सांगा. स्वतः लिहू शकत नसाल तर रूम पार्टनर किंवा घरचे लिहू शकतात.

कामावर होतात याचे बारीकसारीक पुरावे जपून ठेवा : आऊट-ड्युटीचा मेसेज, टोलची किंवा फास्टॅगची नोंद, पेट्रोलचं बिल, व्हेंडरच्या गेटवरची व्हिजिटर बुकातली एंट्री. आणि कोऱ्या कागदावर किंवा 'माझी काही तक्रार नाही' अशा छापील फॉर्मवर हॉस्पिटलच्या खाटेवरून सही करू नका.

६) 'कामावर' म्हणजे नक्की कुठपर्यंत?

गेटच्या आत झालं तर कंपनीचं, बाहेर झालं तर नशिबाचं, असं पुष्कळांना वाटतं. हे खरं नाही. दोन खटले बघा, दोन्ही महाराष्ट्रातले.

१९५७ साली मुंबईत बेस्टचा एक ड्रायव्हर ड्युटी संपवून, जोगेश्वरी डेपोत बस लावून, दुसऱ्या बेस्ट बसने सांताक्रूझला घरी निघाला. वाटेत ती बस उभ्या लॉरीवर आदळली आणि तो गेला. ड्युटी तर संपली होती! पण ड्रायव्हरांना बसमधून मोफत प्रवासाची सवलत होती. ती सेवा नीट चालावी म्हणूनच दिलेली होती, तेव्हा हा प्रवास नोकरीचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये बहुमताने ठरवलं.

दुसरा एका साखर कारखान्याच्या वॉचमनचा. ड्युटी पहाटे ३ ते सकाळी ११. २२ एप्रिल २००३ रोजी मोटरसायकलवरून कामावर जाताना कारखान्याच्या सुमारे ५ कि.मी. अलीकडे अपघातात त्याचा मृत्यू झाला. तेव्हाच्या उस्मानाबादला कुटुंबाला भरपाई मंजूर झाली, उच्च न्यायालयात ती गेली, आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दाखवता आला तर घर ते काम हा प्रवाससुद्धा नोकरीच्या ओघातला धरावा, हा त्याचा अर्थ. पण तारखा बघा : २००३ ते २०२५. बावीस वर्षं! ज्या दिवशी अपघात होतो त्या दिवशीचे कागद किती मोलाचे असतात, ते यावरून कळतं.

कर्मचारी भरपाईचा १९२३ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि घर-काम प्रवासाची तरतूद तिच्यातच लिहिलेली आहे.

७) कोणत्या दाराशी जायचं?

दोन दारं आहेत. एक मालकाचं : यात चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही, काम आणि इजा यांचा संबंध लागतो. दारू पिऊन झालेल्या अपघातात मात्र मालक इजेची जबाबदारी झटकू शकतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेवढ्या कारणावर त्याला सुटता येत नाही.

दुसरं दार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं : चूक करणाऱ्या गाडीचा मालक आणि तिची विमा कंपनी यांच्याविरुद्ध. अपघात कुठेही झाला तरी आपण राहतो त्या भागातही हा अर्ज करता येतो. कायद्यात त्याला सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. तिच्यावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला, पण आपण त्या वादात न पडता आधीच अर्ज करावा. एकाच इजेसाठी दोन्ही दारांतून भरपाई मिळत नाही, म्हणून निवड वकिलाला विचारून करा.

८) आणि आपण विद्यार्थी?

ही बाब हॉस्टेलने लक्ष देऊन वाचावी. अप्रेंटिस म्हणून रीतसर करार झालेला असेल तर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने ट्रेनिंगमधल्या अपघाताची भरपाई मालकावर आहे. पण चार आठवड्यांच्या बिनपगारी इन-प्लान्ट ट्रेनिंगला आपण ना अप्रेंटिस, ना कर्मचारी. मग हातात उरतो फक्त कंपनीचा ट्रेनिंग लेटर आणि असलीच तर अपघात विमा पॉलिसी. म्हणून निघण्यापूर्वी ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसमध्ये विचारा : आपला ग्रुप अपघात विमा आहे का, आणि तो कॅम्पसबाहेर चालतो का? लेटरवर तारखा आणि जागा लिहून घ्या.

आणखी एक. मित्राच्या बाईकला नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागे बसलेल्याला त्या विम्यातून सहसा काही मिळत नाही. आणि पांढऱ्या नंबर प्लेटची खाजगी गाडी भाड्याने नेली तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. व्हिजिटसाठी पिवळ्या प्लेटचीच गाडी घ्या.

निघण्यापूर्वी पाच गोष्टी

• आऊट-ड्युटीचा लेखी निरोप
• लायसन्स, आरसी, विमा यांची तारीख
• गाडीत लाल त्रिकोण आणि टॉर्च
• पाकिटात रक्तगट आणि घरचा नंबर
• मागच्या सीटवरसुद्धा बेल्ट, बाईकवर दोघांना हेल्मेट

ही यादी फाडून कपाटाच्या दारावर चिकटवली तरी चालेल, संपादकांची हरकत नसेल तर! यातलं काहीच तुम्हाला कधी लागू नये, हीच इच्छा. पण लागलं, तर आधी माणसाकडे बघा आणि त्याच दिवशी कागदाकडेही. आपल्या सगळ्यांचा प्रवास सुखाचा होवो.