घरातली रोख आणि खात्यातले पैसे



हल्ली भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड दिसतो. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयने सुट्ट्या पैशांची कटकट बरीच मिटवली. मग घरात रोख ठेवायची गरज उरली आहे का, असा प्रश्न पुष्कळांना पडतो.

आधी पैसा म्हणजे काय ते पाहू या. शंभराच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी धारकाला दिलेले वचन छापलेले असते. खात्यातली रक्कम हेही बँकेचे वचनच. फरक एवढाच, की नोट ज्याच्या हाती त्याची. तिला ना पासवर्ड लागतो, ना वीज. खात्यातले पैसे फोनवरून वापरायचे तर फोन, नेटवर्क आणि बँक ही तिन्ही चालू असावी लागतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब पडले, मोबाईल बंद झाले. अशा वेळी खात्यात लाखभर रुपये असूनही मिठाची पुडी आणता येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना अवघे १,००० रुपये काढता येत होते.

पण नोट ज्याच्या हाती त्याची, म्हणजे चोराच्या हाती गेली तर चोराची. शिवाय ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० व १,००० च्या नोटा रद्द झाल्या आणि डब्यात जपलेले पैसे घेऊन लोकांना रांगा लावाव्या लागल्या.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवतो :

१. आठवडाभराचा किराणा, औषधे आणि प्रवास भागेल एवढी रोख लहान नोटांत घरी ठेवावी. ती कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे.

२. बाकीची रक्कम बँकेत ठेवावी. प्रत्येक बँकेत एका ठेवीदाराच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण आहे.

३. आपले दुकान असेल तर कोणाची नोट परत करू नये. ज्या आजीकडे साधाच फोन आहे, तिच्यासाठी ती नोट म्हणजे सोय नव्हे, त्या दिवसाचे दूध आहे.

आपली सोय पाहताना तिची वाट बंद होणार नाही, एवढे आपण सर्वांनी सांभाळू या.